आग रामेश्वरी, करदाता सोमेश्वरी

दिवाळी आली की आपल्या भाषेतला एक शब्द दुहेरी कामाला लागतो. तो शब्द म्हणजे ‘बंब’. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात पेटतो तो एक बंब आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री घंटा वाजवीत रस्त्याने धावतो तो दुसरा. पहिला आगीने पाणी तापवतो, दुसरा पाण्याने आग विझवतो. पहिल्याची जागा आता गीझरने घेतली आणि तो तांब्याचा बिचारा एक तर मोडीत गेला किंवा दिवाणखान्यात शोभेला जाऊन बसला. दुसऱ्याला मात्र अजून पर्याय निघालेला नाही. फटाक्यांचा बाण कुणाच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन विसावला की त्याचीच आठवण होते.

या दुसऱ्या बंबाविषयी आपल्याकडे एक म्हण आहे. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.’ म्हण करणाऱ्याचा रोख बंबावर आहे, कारण दोष द्यायला बंब सोयीचा. तो लाल असतो, मोठा असतो आणि उशिरा आला तर सगळ्या गल्लीला दिसतो. पण गेली काही वर्षे मी या गोष्टीचा जो थोडाफार विचार करीत आलो आहे, त्यावरून मला असे वाटू लागले आहे की या म्हणीत तिसऱ्या एका पात्राला जागा हवी होती. ते पात्र म्हणजे तुम्ही-आम्ही, घरपट्टी भरणारी माणसे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि करदाता? तो बिल भरून, पावती फाइलला लावून, निवांत झोपलेला.

पुण्यात घर असलेल्या माणसाच्या हाती उन्हाळ्याच्या तोंडी घरपट्टीचे बिल पडते. आपण त्यातला एकच आकडा पाहतो, अगदी तळचा. त्यानंतर सवलतीची शेवटची तारीख पाहतो. पण मधल्या ओळी एकदा वाचून पाहा. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशा नावांच्या रांगेत एक नाव असते ‘अग्निशमन कर’. म्हणजे आपली महानगरपालिका आपल्याकडून आग विझवण्याचे पैसे वेगळे, नाव घेऊन मागते. असे नाव घेऊन मागितलेल्या पैशाचा हिशेब नाव घेऊनच विचारता येतो, ही त्यातली मोठी सोय आहे. पण आपण ती वापरीत नाही.

आमचे शेजारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांत चुका शोधल्यामुळे आता त्यांना स्वतःच्या बिलात चूक सापडल्याशिवाय चहा गोड लागत नाही. यंदा त्यांनी मला जिन्यातच गाठले.

“अहो, चाळीस वर्षे मी हा अग्निशमन कर भरतोय. चाळीस वर्षांत आमच्या घराला आग लागली नाही. मग माझे पैसे गेले कुठे?”

मी म्हटले, “चुलीत तर गेले नाहीत ना? मग झाले!”

ते हसले नाहीत. हिशेबी माणसे हिशेबावर विनोद खपवून घेत नाहीत. ते पुढे म्हणाले, “सकाळी फिरायला जातो तेव्हा ते अग्निशमन केंद्र वाटेत लागते. आत तरणीताठी पोरे व्हॉलीबॉल खेळत असतात. माझ्या पैशांवर व्हॉलीबॉल! यांना पगार, भत्ते, पुढे पेन्शन. कशाचे? तर वाट पाहण्याचे!”

त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. कर देणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे विचारण्याचा हक्क आहे. त्यांच्या बोलण्यात गंमत इतकीच होती की रागाच्या भरात त्यांनी अगदी नेमके उत्तरही देऊन टाकले होते. होय, आपण त्यांना वाट पाहण्याचाच पगार देतो. आग विझवणे हे काम वर्षाकाठी काही तासांचे. पण त्या काही तासांसाठी वर्षातले सगळे तास माणूस जागेवर असावा लागतो. व्हॉलीबॉल खेळणारी ती पोरे दमसास टिकवीत असतात. पाठीवर हवेचे नळकांडे घेऊन धुराने भरलेला जिना चढायला जो दम लागतो, तो खुर्चीत बसून येत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी हे सगळे स्वयंपाकघरातून ऐकले. त्यांचा या बाबतीत माझ्यापेक्षा अधिकार मोठा. त्यांच्या तांदळाच्या डब्यात तळाशी एक पुरचुंडी असते. अडीअडचणीचे पैसे. गेल्या कित्येक वर्षांत ती सोडावी लागलेली नाही. म्हणून काही त्यांनी ती मोडून साडी घेतली नाही. “पुरचुंडी सोडावी लागली नाही म्हणून ती फुकट गेली असे कुणी म्हणते का?” एवढे बोलून त्या चकलीच्या भाजणीकडे वळल्या.

आता कुणी म्हणेल, ज्याला गरज त्याने पैसे द्यावेत. सगळ्यांवर कर कशाला? हा प्रयोगही जगाने करून पाहिला आहे. जुन्या रोममध्ये क्रॅसस नावाचा एक गर्भश्रीमंत होता. त्याची हकीगत प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. शहरात आग लागली की हा तिथे हजर. जळत्या घराचा मालक आणि शेजारचे घरमालक भेदरलेले असत. पडेल त्या भावात ते घर विकून मोकळे होत आणि क्रॅसस ते घेई. घरे बांधणारे पाचशेहून अधिक गुलाम त्याच्या पदरी होते, त्यांच्याकडून तो ती पुन्हा बांधून घेई. अशा रीतीने बरेचसे रोम त्याच्या खिशात गेले. पुढे इसवी सनाच्या ६ व्या वर्षी ऑगस्टस बादशहाने शहरासाठी पगारी अग्निरक्षकांच्या सात तुकड्या उभ्या केल्या आणि त्यांच्या खर्चासाठी गुलामांच्या विक्रीवर कर बसवला. म्हणजे बंबवाला आणि कर यांची गाठ दोन हजार वर्षांची आहे.

लंडनची गोष्ट अलीकडची. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर तिथे विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापले बंबवाले ठेवले. १८३३ साली त्यातल्या प्रमुख कंपन्यांनी मिळून एकच दल केले. १८६१ साली टेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना अशी भयंकर आग लागली की दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड तिच्यात ठार झाला आणि विमा कंपन्यांचे दिवाळे वाजायची पाळी आली. कंपन्यांनी सरकारला सांगून टाकले की हे ओझे आता आमच्याने पेलवत नाही. मग १८६५ साली कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षापासून लंडनचे बंब सार्वजनिक झाले. नफ्यासाठी धंदा करणाऱ्यांनीच हात टेकले तेव्हा कुठे हे काम करदात्याच्या गळ्यात पडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि हे सारे जुने झाले म्हणावे, तर २०१० सालचे अमेरिकेतले उदाहरण आहे. टेनेसी राज्यातल्या साउथ फुल्टन या गावचे बंब हद्दीबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर घेऊन सेवा देत. हद्दीबाहेरच्या एका कुटुंबाने त्या वर्षीचे पैसे भरले नव्हते. घराला आग लागली. बंब आले, पण ते पैसे भरलेल्या शेजाऱ्याची मालमत्ता राखायला. ज्याचे पैसे बाकी होते त्याचे घर त्यांच्या डोळ्यांदेखत जळून गेले. सगळ्या देशात त्यावर गदारोळ झाला. मला विचाराल तर त्या बंबवाल्यांच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, याचेच वाईट वाटते. असले पाणी हातात धरून उभे राहण्याची पाळी आपल्याकडच्या माणसावर येत नाही. आपल्याकडे १०१ वर फोन आला की पलीकडचा माणूस ‘घरपट्टी भरली आहे का?’ असे विचारीत नाही; ‘पत्ता सांगा’ म्हणतो. आपण सगळे मिळून देतो त्या कराची ही खरी किंमत. शिवाय आग काही भिंत पाहून थांबत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या घराला चाळीस वर्षे आग लागली नाही, यात त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरची आग वेळेवर विझण्याचाही वाटा असू शकतो!

येथे एक घोटाळा दूर केलेला बरा. पोलीस आणि बंबवाले या दोघांनाही आपण ‘सरकारी’ म्हणून एकाच पोत्यात घालतो. पण दोघांच्या पगाराची पेटी वेगळी. महाराष्ट्रात पोलिसांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून होतो. घरपट्टीशी त्याचा संबंध नाही. नेहमीच असे होते असे मात्र नव्हे. मुंबईत एके काळी शहर पोलिसांच्या खर्चाचा भार नगरपालिकेवर होता आणि त्यावरून सरकार आणि नगरपिते यांच्यात कित्येक वर्षे खडाजंगी चाले. १९०७ साली तडजोड झाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही कामे नगरपालिकेकडे आली. अग्निशमन मात्र १८८८ च्या मुंबईच्या कायद्याने शहराकडेच राहिले. इतर महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही, कलम ६३ मध्ये, अग्निशामक दल ठेवणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, १९९२ साली, जे बारावे परिशिष्ट आले त्यातल्या अठरा विषयांतही अग्निशमन आहे. सारांश, बंबाच्या बाबतीत दिल्लीकडे किंवा मंत्रालयाकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येत नाही. हा आपल्या शहराचा, आपल्या पट्टीचा मामला.

आता पगाराच्या हिशेबाकडे येऊ. आमच्या शेजाऱ्यांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवला, कारण त्यांना शब्दांपेक्षा अंक प्रिय.

बंबाच्या गाडीवर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची आहे. तिला माणसे किती लागतील? आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करणार. म्हणजे साडेतीन माणसे तर इथेच झाली. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरा, चार होतात. एका जागेला चार माणसे! गाडीवर सहाजण हवेत, तर एका गाडीमागे चोवीस माणसे पटावर हवीत. बाहेरून पाहणाऱ्याला चोवीस नावे दिसतात आणि तो म्हणतो, ‘एका गाडीला चोवीस? काय हा नोकरभरतीचा सुळसुळाट!’ पण त्या चोवीसांतले रात्री दोन वाजता गाडीवर असतात सहाच.

आता या चोवीसांतल्या आठ जागा रिकाम्या राहिल्या असे समजा. कागदावर काहीच बिघडले नाही. गाडी आहे, केंद्र आहे, पाटी आहे. फक्त रात्री दोन वाजता सहांऐवजी चौघे निघतात. त्यातला एक ड्रायव्हर. त्याला गाडीचा पंप सोडून हलता येत नाही. धुरात श्वसनयंत्र लावून जायचे तर एकट्याने जायचे नसते, जोडीने जायचे. म्हणून दोघे आत गेले. त्यांच्या पाठीवरची हवा अर्ध्या तासाच्या आसपास पुरणार. किती वाजता गेले, किती वाजता परतायला हवेत, याची नोंद ठेवायला चौथा बाहेर. मग शिडी लावणार कोण? दुसरी नळी धरणार कोण? चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंना पाठुंगळी घेणार कोण? की त्या चौघांनीच सगळे करायचे, आणि नियम गुंडाळून ठेवायचे? जी दोन माणसे कमी झाली, त्यांचे काम जात नाही. ते उरलेल्या चौघांच्या जिवावर जाऊन बसते.

आमचे शेजारी कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे ज्या आठ माणसांचा पगार वाचला, त्याला तुम्ही बचत म्हणणार नाही.”

मी नाही म्हणणार. पण अंदाजपत्रक म्हणते! खरी मेख इथेच आहे. रिकाम्या जागेसारखी बिनबोभाट बचत दुसरी नाही. दवाखान्यात औषध नसले तर रोगी ओरडतो. नळाला पाणी आले नाही तर बायका हंडे घेऊन मोर्चा नेतात. रस्त्याला खड्डा पडला तर वर्तमानपत्रात फोटो येतो. अग्निशमन केंद्रातली रिकामी खुर्ची मात्र कधीच ओरडत नाही. ती ओरडते फक्त आगीच्या रात्री, आणि तेव्हा तिचा आवाज आगीच्या आवाजात बुडून जातो. पुण्याच्या दलातल्या मंजूर जागांपैकी मोठा भाग वर्षानुवर्षे रिकामा असल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत, आणि वाचून पान उलटत आलो आहोत.

पालिकेच्या बाजूनेही चार शब्द बोलले पाहिजेत. आस्थापनेवरचा, म्हणजे पगारपाण्याचा, खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा असे राज्य सरकारचे बंधन असते. त्यामुळे नवी भरती म्हटली की फायली थबकतात. दुसरे असे की पालिकेच्या हातची हुकमी कमाई गेली. पुण्यात २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. मग २०१५ साली तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. आता पालिका सरकारी अनुदान, बांधकाम परवानग्यांचे शुल्क आणि आपली घरपट्टी यांवर डोळे लावून असते. तिकडे शहर तर दिवाळीच्या अनारासारखे चहूकडे फुटते आहे. पुण्यात २०१७ साली ११ गावे आली, २०२१ साली आणखी २३ आली आणि हद्द पाचशे चौरस किलोमीटरांच्या वर गेली. त्यातली दोन गावे पुढे वेगळी निघाली, तरी पसारा काही लहान झाला नाही. जिथे काल ज्वारीची शेते होती तिथे आज वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजले उभे आहेत. इमारत उभी चढते, पालिकेचे उत्पन्न वाढते. बंबवाल्यांची संख्या मात्र आपोआप वाढत नाही.

पण पैसाच नाही, असे म्हणावे तर तेही पटत नाही. २०२५-२६ सालचे पुण्याचे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे मांडले गेले आणि मुंबईचे ७४,४२७ कोटींचे. एवढ्या आकड्यांत बंबवाल्यांच्या पगारापुरती जागा होणार नाही, हे हिशेबी माणसाच्या गळी उतरणे कठीण. अडचण बहुधा अशी आहे की पगाराचे उद्‌घाटन करता येत नाही. नव्या गाडीला हार घालता येतो, केंद्राच्या इमारतीची फीत कापता येते, कोनशिलेवर नाव कोरता येते. पण ‘अमुक अमुक यांच्या शुभहस्ते तीस फायरमनांचा पगार नियमित सुरू करण्यात आला’ अशी कोनशिला मी तरी अजून पाहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना काढली, हे चांगलेच झाले. त्यातून यंत्रे येतील, केंद्रे होतील. पण त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या एक तारखेला पगार द्यायचा तो आपल्या पालिकेनेच.

आणि माणसावाचून यंत्र काय कामाचे? मागे एकदा नातवाला बंब दाखवायला एका केंद्रात घेऊन गेलो होतो. तिथे एक तांडेल भेटले. तांडेल हा शब्द मुळात गलबतावरचा, खलाशांच्या म्होरक्याचा. आपल्या अग्निशामक दलांत तो हुद्दा म्हणून आला आहे. नातवाने त्यांना विचारले, “काका, तुमच्या गाडीत पाणी किती असते?” ते म्हणाले, “बाळ, पाणी हजारो लिटर असते, पण पंप जोरात सुरू झाला की काही मिनिटांत संपते. म्हणून पहिले पाणी कुठे मारायचे, हे कळणारा माणूस लागतो.” मी विचारले, “आणि सर्वांत त्रास कशाचा होतो?” मला वाटले, ते धुराचे नाव घेतील. ते म्हणाले, “गेटातल्या गाड्यांचा, साहेब. बंब दहा मिनिटांत पोहोचतो आणि सोसायटीच्या दारात पंधरा मिनिटे उभा राहतो.”

हे ऐकून नातू माझ्या तोंडाकडे पाहू लागला. कारण आमच्या सोसायटीच्या फाटकात दोन्ही बाजूंनी मोटारी लावलेल्या असतात, हे त्याला ठाऊक आहे. तेव्हा करदाता म्हणून पालिकेला चार प्रश्न विचारण्याआधी एक प्रश्न स्वतःलाही विचारावा लागेल. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे ज्या इमारतींत आग विझवण्याची यंत्रणा बसवलेली आहे, त्यांच्या मालकांनी किंवा रहिवाशांनी ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, ज्याला ‘ब’ नमुना म्हणतात तो, परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचा असतो. आपल्या सोसायटीच्या सभेत हा विषय कितव्या क्रमांकावर येतो? बहुधा ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यांच्याही नंतर. गणपतीच्या वर्गणीवर दोन तास चर्चा होते, आणि पंप दुरुस्तीचा खर्च निघाला की ‘पुढच्या वर्षी बघू’. पालिका खुर्च्या रिकाम्या ठेवते आणि आपण पाण्याची टाकी. दोघांचे शास्त्र एकच.

या खर्चाचा शेवटचा धनी कोण असतो, ते दोन तारखा सांगतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन दारूगोळा. बंबवाले पळाले नाहीत. नळ्या धरून उभे राहिले. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. त्यात अग्निशामक दलाची ६६ माणसे गेली. म्हणून आजही सगळ्या देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. दुसरी तारीख ९ मे २०१५. मुंबईत काळबादेवीला ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला आग लागली. ती विझवताना इमारत कोसळली. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे चार अधिकारी त्या आगीचे बळी ठरले. अमीन आणि नेसरीकर यांनी काही दिवस इस्पितळात मृत्यूशी झुंज दिली. दलाचा प्रमुख स्वतः आगीत उतरतो, अशी दुसरी कचेरी आपल्या पालिकेत शोधून दाखवा.

असल्या माणसांच्या पगारावर आपण ‘वाट पाहण्याचा पगार’ म्हणून नाक मुरडावे का? आणि उलट, त्यांच्या नावाने मागितलेला कर दुसरीकडे वळला, तर गप्प बसावे का? मला वाटते, दोन्ही नको. शहाण्या करदात्याने पट्टी कमी करा असे म्हणण्याआधी, ज्या कामासाठी पट्टी दिली ते काम भरा, असे म्हणावे. पुण्यात राहत्या घराला १९७० पासून मिळत असलेली ४० टक्के सवलत २०१९ साली थांबली तेव्हा आपण केवढे खवळलो! निवेदने दिली, सभा घेतल्या, आणि २०२३ साली ती सवलत परत मिळवली. म्हणजे मनात आले तर आपल्याला आवाज आहे. त्या आवाजाचा दहावा हिस्सा जरी त्या मधल्या ओळीसाठी लागला, तरी पुष्कळ काम होईल.

विचारायचे काय, तेही अवघड नाही. आपल्या भागातल्या केंद्रात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? रात्रपाळीला गाडीवर माणसे किती? अंदाजपत्रकात शेजारी-शेजारी रकाने असतात: मागल्या सालचा प्रत्यक्ष खर्च, चालू सालचा सुधारित अंदाज आणि पुढल्या सालची तरतूद. तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च लहान, असे दर साल दिसले तर समजावे की पैसे बंबापर्यंत पोहोचत नाहीत. आणि चौथा प्रश्न, माझ्या घरापासून जवळचे केंद्र किती मिनिटांवर? हे सारे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग असते. दहा रुपयांत आता चांगला चहाही मिळत नाही. २०२२ च्या मार्चपासून तीन वर्षांहून अधिक काळ पुण्याला नगरसेवकच नव्हते. प्रशासकच अंदाजपत्रक मांडी आणि प्रशासकच ते मंजूर करी. त्या काळात तर विचारणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नव्हता. नगरसेवक असले तरी त्यांना विचारायला शिकवावे लागते, ते आपणच.

आमच्या शेजाऱ्यांनी अर्ज लिहिला आहे. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, चारही प्रश्न क्रमांक घालून. बँकेत एवढी वर्षे काढल्याचा कुणाला तरी उपयोग व्हायला हवाच होता. त्यांनी वर एक पाचवा प्रश्नही घातला आहे, ‘सदर केंद्रास व्हॉलीबॉलचे जाळे शेवटचे केव्हा पुरविण्यात आले?’ मी तो खोडू दिला नाही.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण सारे नव्या कपड्यांत पाटावर बसलेले असू, तेव्हा आपल्या शहरात काही घरांचे पाट रिकामे असतील. त्या घरांतला माणूस गमबूट घालून केंद्रात फोनजवळ बसलेला असेल. गॅलरीतले कपडे त्या रात्री आत घ्या, फाटकातली मोटार बाजूला लावा. त्या रात्री त्याचा फोन एकदाही न वाजो, आणि तरी त्याच्या शेजारची एकही खुर्ची रिकामी न राहो, एवढेच मागणे आहे. शुभ दीपावली!